चार खोल्यांचे घर



या व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी किंवा नव्या कामगार संहिता यांपैकी कशावर तरी बोलेन, अशी त्यांची अपेक्षा असावी. विडी कामगारांच्या संघटनेत तीस वर्षे घालविलेल्या माणसाकडून दुसरे काय मागावयाचे? मी विषय सांगितला तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "समोर आयाबाया बसलेल्या असतात. त्यांच्यापुढे हा विषय?" मी म्हणालो, "त्या बसलेल्या असतात म्हणूनच."

लैंगिक अत्याचाराला बळी पडलेली लहान मुले, आणि त्यांच्यासाठी समाजाने उभी करावयाची व्यवस्था, हा तो विषय होय. अत्याचारांची वर्णने मी करणार नाही. ती ऐकून माणसाला संताप येतो, संताप रात्रभर टिकतो, आणि सकाळी आपण आपल्या उद्योगाला लागतो. मी बोलणार आहे ते अत्याचार उघडकीस आल्यानंतर काय घडते याविषयी. मी वकील नाही, डॉक्टर नाही. नववीत शाळा सुटली. पुढचे शिक्षण नगर वाचनालयात आणि कामगार आयुक्तांच्या कचेरीबाहेरच्या बाकावर झाले. त्या बाकावर बसून एक गोष्ट मात्र मी पुरती शिकलो. गरीब माणसाला अन्यायाने जेवढे थकवले जात नाही, तेवढे दाद मागताना थकवले जाते.

नऊ वेळा

काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेची एक सभासद बाई आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन कार्यालयात आली. गाव, नाव, ओळख यांतले काही मी सांगणार नाही. कायद्याने ते सांगता येत नाही, आणि सांगूही नये. बाई म्हणाली, "भाऊ, पोरीचं काम आहे." काय काम, ते तिने हलक्या आवाजात दोन शब्दांत सांगितले. मी मुलीला समोर बसविले. टेबलाभोवती आमचे चार कार्यकर्ते होते. मी म्हणालो, "काय झालं बाळ, सांग बरं." तक्रार ज्याची त्याच्या तोंडून ऐकावी, हा माझा जन्माचा शिरस्ता. मुलीने आईच्या पदराकडे पाहत तीनचार वाक्यांत सांगितले. आम्ही पाचही जण चांगल्या हेतूनेच ऐकत होतो.

नंतर मी तिच्या आईबरोबर जिथे जिथे गेलो, तिथला हिशेब मनात ठेवीत गेलो. आईला सांगितले ते पहिल्यांदा. मला सांगितले ते दुसऱ्यांदा. पोलीस ठाण्यात महिला अधिकारी बाहेर गेल्या होत्या, म्हणून टेबलावरच्या शिपायाला तिसऱ्यांदा. त्या आल्यावर त्यांना चौथ्यांदा. सरकारी दवाखान्यात शिकाऊ डॉक्टरला पाचव्यांदा, मोठ्या डॉक्टरांना सहाव्यांदा. बालकल्याण समितीपुढे सातव्यांदा, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे आठव्यांदा. आणि अडीच वर्षांनी खटला उभा राहिला तेव्हा न्यायालयात नवव्यांदा सांगावयाचे होते.

यांपैकी कोणी माणूस वाईट होता असे मी म्हणणार नाही. महिला अधिकाऱ्यांनी मुलीला पाणी दिले, डॉक्टर हळू बोलत होते, समितीतल्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. प्रत्येकाने आपापले काम केले. पण प्रत्येकाचे काम पहिल्यापासून सुरू होत होते. आईची हजार विड्यांची मजुरी प्रत्येक खेपेला बुडत होती ती वेगळीच.

न्यायालयात ती मुलगी, आता जवळजवळ बारा वर्षांची, उभी राहिली आणि म्हणाली, "मला आठवत नाही." पुन्हा विचारले, पुन्हा तेच उत्तर आले. आरोपी सुटला. पुराव्यावाचून न्यायालय तरी दुसरे काय करणार? बाहेर आल्यावर तिची आई मला म्हणाली, "भाऊ, तिला सगळं आठवतंय. तिला सांगायचा कंटाळा आलाय."

त्या नऊ वेळांपैकी एक वेळ माझी होती. ती टाळता आली असती. म्हणून हा विषय माझ्या मानेवर बसला आहे, आणि म्हणून आज तो तुमच्यापुढे आणला आहे.

असे प्रसंग अपवादानेच घडतात, अशी कोणाची समजूत असेल तर ती सोडून द्यावी. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांना तीत विचारण्यात आले होते. शंभरांतील ५३ मुलांनी लहानमोठ्या कोणत्या तरी प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचे सांगितले, आणि त्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींहून कमी नव्हते. त्रास देणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे, विश्वासातले होते. आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट पूर्वी कोणालाही सांगितलेली नव्हती. तेव्हा जे मूल सांगावयास पुढे येते ते फार मोठे धैर्य करून येते. त्या धैर्याचे आपण काय करतो, हा माझा प्रश्न आहे.

उत्तरेकडील एक लहान देश

या प्रकरणानंतर आमच्याकडे येणाऱ्या एका तरुण वकिलाने मला काही कागद वाचावयास दिले. ते आइसलंड या देशासंबंधीचे होते. युरोपच्या वायव्येला समुद्रात असलेले हे बर्फाचे आणि ज्वालामुखींचे बेट. मी ज्या काळाबद्दल सांगणार आहे त्या काळी त्याची लोकसंख्या होती पावणेतीन लाखांच्या आसपास. म्हणजे आपल्या नाशिक शहराच्या पाचव्या हिश्श्याइतकीही नाही. पण मोठी माणसे मोठ्या देशातच जन्मतात असे थोडेच आहे!

तिथेही पूर्वी आपल्यासारखेच चालत असे. मुलाची जबानी पोलीस घेत, दवाखान्यात वेगळी चौकशी होई, समाजसेवक वेगळे विचारीत आणि शेवटी न्यायालय होतेच. एका खात्याचे दुसऱ्या खात्याशी बोलणे नसे. ब्रागी गुडब्रांडसन हे त्या काळी तेथील सरकारी बालसंरक्षण संस्थेचे प्रमुख होते. त्यांच्या डोळ्यांपुढे अमेरिकेतला एक प्रयोग होता. अलाबामा राज्यातील हंट्सव्हिल या गावी बड क्रेमर नावाच्या सरकारी वकिलाने १९८५ साली एक केंद्र सुरू केले होते. पोलीस, डॉक्टर, सरकारी वकील, समाजसेवक या सर्वांनी एकत्र बसावे आणि मुलाला एकाच ठिकाणी, मुलाला रुचेल अशा जागी भेटावे, ही त्यामागची कल्पना. ती अमेरिकेत पुष्कळ पसरली. परंतु तेथील राज्यघटनेने आरोपीला साक्षीदाराची समोरासमोर उलटतपासणी घेण्याचा हक्क दिलेला असल्यामुळे, खटला उभा राहिला की मुलाला बहुधा न्यायालयात यावेच लागते.

आइसलंडने ही कल्पना घेतली आणि न्यायालयालाच त्या घरात आणले. १९९८ साली रेक्याविक या राजधानीत, साध्या वस्तीतल्या एका साध्या घरात 'बार्नाहूस' सुरू झाले. शब्दाचा अर्थ 'मुलांचे घर' एवढाच. आपल्याकडे 'बालगृह' म्हटले की निराधार मुलांची राहण्याची संस्था डोळ्यांपुढे येते. ते हे नव्हे. इथे मूल राहावयास येत नाही. ते काही तासांसाठी येते, सांगते, तपासले जाते, आणि आपल्या घरी जाते. पुढे उपचारासाठीही ते याच ओळखीच्या दारातून आत येते.

चार खोल्या

या व्यवस्थेची मांडणी तिथले लोक 'चार खोल्या' अशा शब्दांत समजावून देतात. पहिली खोली गुन्ह्याच्या तपासाची, दुसरी मुलाच्या संरक्षणाची, तिसरी शरीराच्या तपासणीची आणि चौथी मनाच्या उपचाराची. चारही एका छपराखाली.

पहिल्या खोलीत काय होते ते नीट पाहू, कारण खरी युक्ती तिथे आहे. खोली लहान, शांत. दोन खुर्च्या, आणि भिंतीवर कॅमेरा. आत दोनच जण: मूल, आणि मुलांशी बोलण्याचे खास शिक्षण घेतलेली एक व्यक्ती. शेजारच्या खोलीत पडद्यावर हे संभाषण पाहत बाकीचे सगळे बसलेले: पोलीस, सरकारी वकील, बालसंरक्षण अधिकारी, मुलाचा स्वतःचा वकील, आरोपीचा वकील, आणि या साऱ्यांवर देखरेख करणारे न्यायाधीश. कोणाला काही विचारावयाचे असेल तर त्याने ते न्यायाधीशांमार्फत कळवायचे. आतल्या व्यक्तीच्या कानात लहानसे यंत्र असते. तिला तो प्रश्न ऐकू जातो आणि ती तो मुलाला समजेल अशा शब्दांत विचारते. वकिलाचा चढा आवाज मुलापर्यंत पोहोचत नाही. त्याचा प्रश्न पोहोचतो. सगळे चित्रित होते, आणि खटला चालला तर ते चित्रण न्यायालयात पुरावा म्हणून दाखविले जाते. मुलाने पुन्हा येण्याची सहसा गरज राहत नाही. यासाठी १९९९ साली तिथल्या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्यात बदल करून अशा जबानीची जबाबदारी न्यायाधीशांकडे देण्यात आली.

दुसऱ्या खोलीतला प्रश्न वेगळा आहे: आज रात्री हे मूल कुठे झोपणार? आरोपी त्याच घरात राहत असेल तर? पोलिसाला गुन्हेगार हवा असतो, बालसंरक्षण अधिकाऱ्याला मूल सुरक्षित हवे असते. दोघे एकाच टेबलाशी बसले की एकाच्या घाईने दुसऱ्याचे काम बिघडत नाही. आणि ज्याच्यावर संशय आहे तो स्वतःच पंधरा वर्षांखालचा असेल, किंवा मुलाने स्पष्ट काहीच सांगितलेले नसेल, तर न्यायालयाला न गुंतवता त्याच घरात चौकशीचे संभाषण होते.

तिसऱ्या खोलीत डॉक्टर येतात. मुलाने दवाखान्याच्या रांगेत बसावयाचे नाही. तातडीची दुखापत असेल तर अर्थात दवाखान्याला पर्याय नाही. पण अशा बहुतेक प्रकरणांत घटना आणि तपासणी यांत बरेच दिवस गेलेले असतात, आणि शरीरावर काही खूण सापडत नाही. तरीही ती तपासणी फुकट जात नाही. मुलाच्या मनात आपल्या शरीराचे काही तरी कायमचे बिघडले आहे अशी भीती बसलेली असते. "तू अगदी ठीक आहेस," हे डॉक्टरच्या तोंडचे वाक्य हाही एक उपचार आहे.

चौथी खोली मानसोपचाराची. आपल्याकडे हिचा विचार सर्वांत शेवटी होतो, किंवा होतच नाही. खटल्याचा निकाल काहीही लागो, मुलाला पुढची साठ वर्षे जगावयाचे असते. या खोलीत मुलाबरोबर आईबापांनाही आधार मिळतो. कारण अशा वेळी आई स्वतःला दोष देत असते आणि बाप बहुधा बोलतच नाही.

हे सारे एका दिवसात सुरळीत झाले असे समजू नका. सर्वांत मोठी अडचण मानाची आली. न्यायाधीशाने आपली इमारत सोडून वस्तीतल्या घरात का जावे? रेक्याविकमधले काही न्यायाधीश बरीच वर्षे न्यायालयाच्याच इमारतीतल्या खास खोलीत जबानी घेणे पसंत करीत. तरी कल्पना टिकली आणि फैलावली. स्वीडनमध्ये २००५ साली लिनशॉपिंग येथे असे पहिले घर झाले, नॉर्वेत २००७ साली. डेन्मार्कने २०१३ साली तर ते कायद्यानेच बंधनकारक केले. लंडनमध्ये २०१८ साली 'लाइटहाउस' म्हणजे दीपगृह या नावाने तसे केंद्र निघाले. युरोपीय राष्ट्रांनी २००७ साली लान्सारोते येथे केलेल्या करारातही हेच तत्त्व आले: जबानी विलंबाशिवाय, योग्य जागी, शिकलेल्या व्यक्तीने, शक्यतो एकाच व्यक्तीने, आणि जरुरीपुरत्याच वेळा घ्यावी.

प्रश्न कसा विचारावा

मुलाशी बोलावयाला शिक्षण कशाला हवे, असे कोणी विचारील. आपण सगळेच मुलांशी बोलतो! मलाही तसेच वाटत होते.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात मॅकमार्टिन नावाची एक बालवाडी होती. १९८३ साली तिथल्या शिक्षकांवर आरोप झाले, आणि शेकडो मुलांना प्रश्न विचारण्यात आले. विचारणारे प्रामाणिक होते, पण ते उत्तर मनात धरून प्रश्न विचारीत. दुसऱ्या मुलांनी असे सांगितले आहे, तूही शहाणा आहेस, मग तूही सांगशील ना, अशा रीतीने. मुलांनी मोठ्यांना हवे ते दिले. खटला १९९० पर्यंत चालला आणि एकही आरोप सिद्ध झाला नाही. सात वर्षे शिक्षकांचे जीवन उद्ध्वस्त झाले. आणि खरोखर काही घडले होते की नाही, हे आता कोणालाच कळण्याचा मार्ग उरला नाही.

यातून धडा घेऊन मायकेल लॅम्ब व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील बालआरोग्य व मानवविकासाच्या राष्ट्रीय संस्थेत प्रश्न विचारण्याची एक पद्धत तयार केली. तिची सूत्रे साधी आहेत. आधी मुलाशी ओळख करून घ्यावी. त्याला सांगावे की, "मी तिथे नव्हते, म्हणून मला ठाऊक नाही. तुला माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हण. माझे चुकले तर मला दुरुस्त कर." मग परवाच्या वाढदिवसासारख्या एखाद्या साध्या गोष्टीचे सांगून पाहावयास लावावे. आणि मुख्य विषयाला आले की, "काय झाले ते पहिल्यापासून सांग," एवढेच म्हणावे, आणि थांबावे. "मग काय झाले?" "त्याबद्दल आणखी सांग." "अमक्या काकांनी तुला हात लावला का?" असा प्रश्न विचारला की काकांचे नाव आपण मुलाच्या तोंडात घातलेले असते, आणि पुढे आरोपीचा वकील नेमके त्यावरच बोट ठेवतो. संयमाने विचारलेला प्रश्न मुलाचे रक्षण करतो, आणि निरपराध माणसाचेही करतो.

इथे काहींच्या मनात शंका येईल: मुलाची एवढी काळजी घेताना आरोपीवर अन्याय होणार नाही काय? शंका रास्त आहे. मी स्वतः कामगारांवरील खोट्या आरोपांच्या चौकशा लढविलेल्या आहेत. बचावाची संधी न देता केलेली चौकशी मला कधीच मान्य होणार नाही. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापुढे २००२ साली स्वीडनमधला एक खटला आला होता. मुलाची जबानी पोलिसांनी चित्रित केली होती, आरोपीच्या वकिलाचे प्रश्न पोलिसांमार्फत मुलाला विचारले गेले होते, मूल न्यायालयात आले नव्हते. खटला न्याय्य रीतीने चालला असाच निर्णय त्या न्यायालयाने दिला. बचावाला प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. मुलावर ओरडण्याचा हक्क त्यात येत नाही. शिवाय घटनेनंतर थोड्याच दिवसांत चित्रित झालेली ताजी जबानी ही अडीच वर्षांनंतरच्या "आठवत नाही"पेक्षा दोन्ही बाजूंना अधिक उपयोगाची, हे वेगळे सांगावयास नको.

आपला कायदा

आता घराकडे वळू. आपल्या देशाने काहीच केलेले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, ज्याला सगळे 'पोक्सो' म्हणतात, तो २०१२ साली झाला आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरपासून अंमलात आला. अठरा वर्षांखालील मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही तो सारखाच लागू आहे. मी हा कायदा कलमागून कलम वाचला आहे, आणि कामगार कायदे वाचण्यात केस पांढरे केलेल्या माणसाचे मत म्हणून सांगतो की तो पुष्कळ विचाराने लिहिलेला आहे.

त्यात काय आहे पाहा. मुलाची जबानी त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल त्या जागी घ्यावी. शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यावी, आणि त्या वेळी अंगावर गणवेश नसावा. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात थांबवून ठेवू नये. मुलीची तपासणी महिला डॉक्टरने, आईबापांच्या किंवा मुलाच्या विश्वासातल्या माणसाच्या उपस्थितीत करावी. पोलिसांनी चोवीस तासांत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवावे. न्यायालयात वकिलाने मुलाला थेट प्रश्न विचारावयाचा नाही; तो न्यायाधीशांना सांगावा आणि त्यांनी तो विचारावा. आरोपी मुलाच्या नजरेस पडू नये. मुलाला पुन्हा पुन्हा न्यायालयात बोलावू नये. न्यायालयाने प्रकरणाची दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष व्हावी, आणि शक्यतो एका वर्षात खटला संपावा. २०२० च्या नियमांप्रमाणे मुलाच्या सोबतीला साहाय्यक व्यक्ती नेमता येते, आणि प्रवास, अन्न, वस्त्र अशा तातडीच्या गरजांसाठी बालकल्याण समिती रक्कम देण्याची शिफारस करू शकते. म्हणजे त्या विडी कामगार बाईच्या बुडालेल्या दिवसांचाही थोडाफार विचार कायद्याने केलेला आहे.

मग उणे काय? उणे आहे ते छप्पर. पोलीस, डॉक्टर, समिती, दंडाधिकारी, न्यायालय यांपैकी प्रत्येकाला कायद्याने सौम्यपणे वागावयास सांगितले आहे. परंतु सगळ्यांनी मिळून एकदाच ऐकावे, असे कोणालाच सांगितलेले नाही. चित्रित केलेली पहिली जबानी म्हणजेच साक्ष, ही तरतूदही आपल्याकडे नाही. तेव्हा सौम्यपणाने का होईना, मुलाने पाच ठिकाणी तेच सांगावयाचे. घाव हलक्या हाताने पाच वेळा उघडला तरी तो पाच वेळा उघडलेलाच असतो.

पावले पडत आहेत, हेही नोंदविले पाहिजे. दिल्लीत कडकडडूमा येथील न्यायालयात २०१२ साली असुरक्षित साक्षीदारांसाठी वेगळे दालन झाले. तिथे मुलाची वाट वेगळी आणि आरोपीची वेगळी. महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली प्रत्येक उच्च न्यायालयाच्या क्षेत्रात अशी किमान दोन केंद्रे उभारण्यास सांगितले, आणि २०२२ साली महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या एका प्रकरणात हा आदेश अधिक विस्तृत करून देशभर त्यावर देखरेखीची व्यवस्था केली. हैदराबादेत पोलिसांनी २०१६ साली 'भरोसा' नावाचे केंद्र काढले. पोलीस, वैद्यकीय, कायदेशीर आणि मानसिक मदत एकाच जागी देण्याचा तो प्रयत्न आहे. म्हणजे ही कल्पना केवळ बर्फाळ देशांनाच परवडते असे नाही.

खर्च आणि मान

"पैसा कुठून आणावयाचा?" हा प्रश्न मला मालकांकडून तीस वर्षे ऐकावा लागला आहे, तेव्हा त्याची मला भीती वाटत नाही. हिशेब मांडून पाहा. पोलीस अधिकाऱ्यांना पगार आहे. डॉक्टरांना पगार आहे. दंडाधिकाऱ्यांना, सरकारी वकिलांना पगार आहे. समितीच्या सदस्यांना मानधन आहे. ही सर्व माणसे आजही त्या मुलासाठी वेळ देतातच, फक्त वेगवेगळ्या दिवशी आणि वेगवेगळ्या इमारतींत. नवे काय लागेल? जिल्ह्याच्या गावी चार-पाच खोल्यांचे एक घर, दोन कॅमेरे, मुलांशी बोलण्याचे शिक्षण घेतलेली दोन-तीन माणसे आणि एक मानसोपचारतज्ज्ञ. जिल्ह्याच्या अंदाजपत्रकात ही रक्कम शोधावी लागेल इतकी लहान आहे.

खरी किंमत मानाची आहे. कोणी कोणाकडे जावयाचे? आजवर कचेरी जागच्या जागी बसते आणि माणूस तिच्याकडे जातो, हा नियम आपण जणू निसर्गाचा मानला. अंगठा तुटलेल्या कामगाराने भरपाईसाठी पाच खिडक्यांपुढे तोच अंगठा दाखवावयाचा, हे मी पाहिले आहे, आणि त्याविरुद्ध भांडलोही आहे. जो जखमी आहे त्याने चालावयाचे आणि जे धडधाकट आहेत त्यांनी बसावयाचे, हा उलटा न्याय मोठ्या माणसाच्या बाबतीत आपण सोसला. नऊ वर्षांच्या मुलीच्या बाबतीत तरी सोसू नये.

आपण काय करावे

असे घर उभे राहावयास वर्षे लागतील. तोपर्यंत इथे बसलेल्या प्रत्येकाच्या हातात काही गोष्टी आहेत. त्या सांगून मी संपवितो.

उद्या एखादे मूल, तुमचे असो वा शेजारचे, तुम्हाला असे काही सांगू लागले, तर त्याचे ऐकून घ्या. खोदून विचारू नका. "तू सांगितलेस ते बरे केलेस, यात तुझी काही चूक नाही," एवढे म्हणा. त्याने वापरलेले शब्द जसेच्या तसे कागदावर लिहून ठेवा, खाली तारीख घाला. चार नातेवाईक गोळा करून त्याला पुन्हा बोलावयास लावू नका. मी केली ती चूक तुम्ही करू नका.

दुसरे, कळवा. पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळविणे ही कायद्याने प्रत्येकावर टाकलेली जबाबदारी आहे. न कळविणाऱ्याला शिक्षा आहे. १०९८ हा मुलांसाठीचा दूरध्वनी क्रमांक देशभर चालतो.

तिसरे, तडजोड करू नका. हे मी मुद्दाम सांगतो, कारण तडजोड हा माझा धंदा आहे. बोनसच्या टक्क्यात मी आयुष्यभर तडजोडी केल्या आणि त्यांचा मला अभिमान आहे. पण तडजोड ज्याच्या हक्काची असेल त्याने करावयाची असते. घराण्याची अब्रू, पोरीचे लग्न, भावकीतला माणूस अशी कारणे देऊन मोठी माणसे जी तडजोड करतात, तिच्यात मुलाची सही नसते.

चौथे, सोबत करा. ज्या आईला एका दिवसाची मजुरी बुडविणे परवडत नाही, तिच्याबरोबर कचेरीत जाऊन बसणारे एक माणूस असले तर पुष्कळ फरक पडतो. महिला मंडळे, कामगार संघटना, शिक्षक संघटना यांनी वाटून घेतले तर हे अवघड नाही. साहाय्यक व्यक्ती नेमून द्या, अशी मागणी बालकल्याण समितीकडे करता येते, ती करा.

आणि शेवटचे, मागणी करा. रस्ता, पाणी, नाट्यगृह यांसाठी आपण निवेदने देतो. जिल्ह्याला असे एक घर हवे, हेही त्या यादीत लिहा. निवेदनावर पहिली सही आमच्या संघटनेची असेल. ते मी आजच कबूल करतो.

ती मुलगी आता मोठी झाली आहे. तिची आई अजून विड्या वळते आणि वर्गणी द्यायला महिन्याला कार्यालयात येते. खटल्याविषयी आम्ही बोलत नाही. मागच्या महिन्यात, या व्याख्यानात त्यांची गोष्ट नाव न घेता सांगू का, असे मी तिला विचारले. तिने घरी जाऊन मुलीला विचारले आणि दुसऱ्या दिवशी निरोप घेऊन आली. "सांगा म्हणाली, भाऊ. तुम्ही सांगा, म्हणजे मला सांगायला नको."